पडवी असलेली गाडी

कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये, अगदी शेवटच्या खांबापाशी, राखाडी रंगाची एक इंडिगो मरिना उभी असते. 2006 ची, डिझेल. शेजारच्या उंच, चकचकीत गाड्यांच्या रांगेत ती सतरंजीवर पाय पसरून बसलेल्या आजोबांसारखी दिसते. घरात सून नवी आली तेव्हा तिने गाडी मागून पाहिली आणि विचारलं, "ही आधी ॲम्ब्युलन्स होती का?" सासरे हसले. मे महिन्यात गावाला जाऊन येऊ, मग बोलू, एवढंच म्हणाले.

गाव देवगडजवळ. परतीच्या दिवशी सकाळी अंगणात जे मांडलं जातं ते असं: आंब्याच्या सहा पेट्या, दोन फणस, तांदळाचं पोतं, आमसुलं, कुळथाचं पीठ, आजींचा घडीचा वॉकर, आणि "एवढं जाऊ द्या की लेकीकडे" म्हणत शेजारणीने ऐनवेळी आणलेली नारळांची गोणी. पोतं तळाला, पेट्या सीटच्या पाठीला टेकवून, फणस कोपऱ्यात अडकवून, वॉकर सगळ्यांच्या वर आडवा. मागचं दार बंद झालं, माणसं पाच बसली, टपावर काहीच बांधावं लागलं नाही. सुनेने ॲम्ब्युलन्सचा विषय पुन्हा काढला नाही.

टप सरळ शेवटपर्यंत नेलेली आणि मागे वर उघडणारं दार असलेली ही गाडी म्हणजे इस्टेट. अमेरिकेत तीच स्टेशन वॅगन, कारण रेल्वे स्टेशनवरून माणसं आणि ट्रंका आणायला लाकडी बांध्याच्या गाड्या असत, त्यांचा हा वंश. जर्मन लोक तिला कोंबी म्हणतात. आपल्याकडे तिला धड नावच मिळालं नाही, कारण ती फार काळ टिकलीच नाही. 1992 साली पुण्यातच तयार झालेली टाटा इस्टेट आली. टाटाच्याच पिकअपच्या सांगाड्यावर बेतलेली, 1948 सीसीचं डिझेल इंजिन, आणि त्या काळात डोळे विस्फारतील असा ऐसपैस पसारा. मग बलेनोची अल्टुरा, सिएनाची वीकेंड, कोर्साची स्विंग, ऑक्टाव्हियाची कोंबी आणि 2004 मध्ये इंडिगोची मरिना. एकेक आली, एकेक गेली.

का गेल्या? एक कारण लोक दबक्या आवाजात सांगतात: मागून ती 'त्या' गाडीसारखी दिसते. स्मशानाच्या वाटेची आठवण करून देणाऱ्या वस्तूचे पेढे कोण वाटणार! दुसरं कारण प्रतिष्ठेचं. डिकी बाहेर आलेली गाडी म्हणजे साहेबाची, हे अँबॅसडरच्या काळापासून मनात बसलेलं. तिसरं कारण सरकारी. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबीच्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 वर आलं. इस्टेटचं सारं भांडवल म्हणजे तिची लांबी, आणि नेमक्या लांबीवरच आता दंड बसू लागला. कंपन्यांनी मग सेडानच्या डिक्या छाटून त्या चार मीटरमध्ये बसवल्या. पाठीवर दप्तर अडकवल्यासारख्या दिसणाऱ्या त्या गाड्या आपण आनंदाने घेतल्या.

खरं नुकसान मात्र सात सीटच्या हौसेने केलं. गाडी किती माणसं नेते हे विचारायचं, माणसांचं सामान कुठे जाणार हे विचारायचं नाही, अशी आपली खरेदीची रीत. एर्टिगात तिसरी रांग उभी असताना मागे 209 लिटर जागा उरते, म्हणजे छोट्या स्विफ्टच्या डिकीपेक्षाही कमी. रांग पाडली की 550. थोडक्यात, सात माणसं न्या किंवा बॅगा न्या. या गाडीला नावं ठेवण्यात अर्थ नाही, ती उत्तम इस्टेट आहे, फक्त पाच जणांनीच बसावं.

आणि हे लिटर तरी काय असतात? जर्मन पद्धतीत 20 बाय 10 बाय 5 सेंटिमीटरचे ठोकळे डिकीत रचतात. एक ठोकळा म्हणजे एक लिटर. ठोकळे कोनाकोपऱ्यात मावतात, आंब्याची पेटी मावत नाही. सेडानची डिकी कागदावर मोठी असते पण तोंड अरुंद, म्हणून घरी आणायची कपडे धुण्याची मशीन दुकानातच राहते आणि टेम्पो बोलवावा लागतो. इस्टेटचं तोंडच पोटाएवढं.

अर्थात मागची ही पडवी घराला लागूनच असली की पडवीतला वास घरात येणार. सेडानमध्ये डिकी वेगळी कोंडलेली, इथे सामान आणि नाकं एकाच खोलीत. फणस कापा असला तरी गगनबावड्यापर्यंत तो आपली ओळख करून देतोच; सुके बोंबील आणले त्या वर्षी आजींनी पुण्यापर्यंत तोंडाला पदर लावला होता. दुसरं, धूळ. उभ्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेली तांबडी माती वळून मागच्या काचेवरच येऊन बसते. म्हणून मागचा वायपर हा इथे शोभेचा नाही. तिसरं, वजन. मागे पोती भरली की गाडीचं नाक वर होतं, हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि घाटात ट्रकवाले डिपर मारमारून ते कळवतात. डॅशबोर्डवर झोत खाली घ्यायची छोटी चकती असते. ती कशासाठी हे या घरातल्या मुलाला तेव्हा कळलं. जोरात ब्रेक लागला तर नारळ पुढे येतात, तेव्हा पेट्यांवरून जाळी बांधायची हेही.

पंधरा वर्षं भरल्यावर ग्रीन टॅक्स भरून गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली होती. आता नवी पाहायला हवी, म्हणून मागच्या महिन्यात सगळे एका शोरूममध्ये गेले. सेल्समन सनरूफ उघडून दाखवत होता, मुलगा मान वर करून बघत होता. सुनेने घरून वॉकर आणला होता. तिने मागचं दार उघडलं आणि तो आत घालून पाहिला. आडवा मावेना. तिरका घातला तर दार मिटेना.

"मॅडम, मागची सीट पाडली की आरामात बसेल," तो म्हणाला.

"आणि आजींना कुठे बसवू?" तिने विचारलं.