शेक लागणार का, हे ऑपरेशनच्या आधी विचारा

बाईच्या छातीत गाठ निघाली की आपल्याकडे घरातले पुरुष पहिला प्रश्न विचारतात, ‘ऑपरेशनला खर्च किती?’ मिळेल त्या दवाखान्यात स्तन काढला जातो, टाके निघतात, बाई घरी येते आणि गाव म्हणतं, सुटली बिचारी. मग तपासणीचा कागद येतो. काखेतल्या गाठींत रोग सापडलेला असतो आणि डॉक्टर म्हणतात, पुढे शेकही घ्यावा लागेल. तोवर जवळचा पैसा संपलेला, ज्वारी काढणीला आलेली. ‘सुगी झाल्यावर बघू’ म्हणता म्हणता शेक राहून जातो.

शेक म्हणजे रेडिओथेरपी. कुणी तिला लाईट म्हणतं, कुणी करंट. या नावांनीच निम्मी भीती घातली आहे. यंत्राखाली काही मिनिटं निजायचं, चटका लागत नाही. अंगात किरण उरत नाहीत, घरी आल्यावर नातवाला खुशाल मांडीवर घ्यावं. दिवस जातील तशी कातडी काळवंडते, हुळहुळते, थकवा येतो. सैल सुती कपडा वापरावा; हळद, तेल, झाडपाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

स्तनच काढला तर शेक कशाला, असं विचारणारे पुष्कळ. हरळी वरून खुरपली तरी कांड्या जमिनीत राहतात, तसंच हे. 1964 ते 1986 या काळात वेगवेगळ्या देशांत झालेल्या 22 चाचण्यांचा, 8135 बायकांचा एकत्रित हिशेब 2014 साली छापून आला. काखेतल्या एक ते तीन गाठींत रोग असलेल्या बायकांत, 20 वर्षांत या रोगानं दगावण्याचं प्रमाण शेकामुळे शेकडा 50 वरून 42 वर आलं. अर्थात औषधं तेव्हापेक्षा सुधारली आहेत. मध्यम धोक्याच्या बायकांवरच्या ‘सुप्रीमो’ चाचणीचे 2025 सालचे निकाल सांगतात की, अशांना छातीवरच्या शेकानं दहा वर्षांत जगण्या-मरण्याचा फरक पडला नाही. म्हणून कुणाला लागतो आणि कुणाला नाही, हे शेजारणीच्या अनुभवावरून ठरवू नये. गाठ मोठी असेल किंवा काखेतल्या चार आणि त्याहून जास्त गाठींत रोग असेल, तर मात्र शेक टाळायचा विचारही करू नये.

आता जी गोष्ट गावात कुणी तोंडावर आणत नाही ती. काढलेल्या जागी सिलिकॉनची पिशवी बसवून स्तनाचा आकार परत देता येतो. बाईनं चुकून विचारलंच, तर घरचे म्हणतात, ‘आता या वयात कुणाला दाखवायचंय?’ हे बोलणारे तुम्ही-आम्ही कोण? अंग तिचं आहे.

पण पिशवी आणि शेक यांचं फारसं जमत नाही. अशा पिशवीभोवती शरीर स्वतःचा पातळ पापुद्रा धरतं. शेक दिल्यावर तो पुष्कळदा जाड होतो, आवळतो. स्तन दगडासारखा कडक होतो, वर ओढला जातो, दुखतो. कधी जखम उघडते, पू होतो आणि पिशवी काढावी लागते. सगळ्यांचंच असं होत नाही, पण शेकानं धोका बराच वाढतो. त्यामुळे शेक लागण्याचा संभव असेल तर पिशवी आत्ता बसवायची, शेक संपल्यावर काही महिन्यांनी पोटाचं किंवा पाठीचं मांस घेऊन स्तन करायचा, की काहीच करायचं नाही, हे ठरवायला सर्जन आणि शेक देणारा डॉक्टर दोघांनी बाईला समोर बसवून बोललं पाहिजे. पिशवी वाचावी म्हणून गरजेचा शेक सोडणं मात्र वेडेपणाचं. गाठ लहान असेल तर सगळा स्तन काढायची गरज तरी आहे का, हेही त्याच बैठकीत विचारावं. ऑपरेशन उरकल्यावर या प्रश्नांतले निम्मे प्रश्न विचारून उपयोग नसतो.

दिवसांचा हिशेब आता पूर्वीपेक्षा सोपा आहे. पाच-सहा आठवड्यांऐवजी पुष्कळ ठिकाणी तीन आठवड्यांत शेक पुरा होतो. पिशवी बसवलेल्या 400 बायकांवर अमेरिकेत चाचणी झाली. तिचे निकाल 2024 मध्ये आले. तीन आठवड्यांच्या शेकानं त्रास वाढला नाही. तीन आठवडे म्हणजे आठवड्याला पाच, असे 15 शेक. एवढे दिवस घरच्या माणसांनी चूल आणि धार सांभाळायला हरकत काय?

सोय मुंबईलाच आहे असंही नाही. बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतल्या गावांमधल्या कर्करोग्यांची नोंद 1987 पासून होते आहे. टाटाला जावं लागलंच तर दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शेक बसतो. पिशवी बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावं. रेल्वेत कर्करोग्याला स्लीपरचं तिकीट माफ आहे, एसटीत 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे.

ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. नाव बदललं, काम तेच: रेशनकार्डावर नाव आहे का, आधारशी जुळतं का, हे गाठ निघाली त्याच आठवड्यात पाहून द्यावं. सासरी नाव चढलेलं नाही, म्हणून अडून बसलेल्या बाईला तारीख थांबत नाही. आशाताईंनी टाके निघाल्यावर घरी जाऊन कागद मागून बघावा, काखेतल्या गाठींचं काय लिहिलंय आणि शेकाची तारीख कोणती, ते डॉक्टरांकडून समजून घ्यावं. आणि 15 पैकी आठ-नऊ शेक घेऊन बाई मधेच घरी आलेली दिसली, तर सरपंचांनी त्याच दिवशी गाडी बघावी.