बोंडअळीचे पंचांग

जानेवारीच्या अखेरीस नंदुरबारहून प्रकाशामार्गे शहाद्याला निघालो होतो. रस्त्याच्या एका बाजूला गहू पोटरीत आलेला, दुसऱ्या बाजूला मात्र कपाशी अजून उभीच. पाने लाल पडलेली, झाड दमलेले, शेंड्याकडे चार-दोन हिरवी बोंडे. ठिबकचे पाणी सुरू होते. बांधावरच्या शेतकऱ्याने एक बोंड तोडून माझ्या हातावर ठेवले. बाहेरून स्वच्छ, ना डाग ना भोक. फोडले तर आत रुई पिवळी-तपकिरी, आणि दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत निवांत बसलेली गुलाबी अळी.

"भाऊ, इतकं औषध मारलं, तरी ही जिवंत कशी?" त्याने विचारले.

प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर मात्र औषधाच्या बाटलीत नाही, त्या अळीच्या आयुष्यक्रमात आहे.

गुलाबी बोंडअळीचा पतंग रात्री फिरतो. मादी पात्यांवर, फुलांवर आणि कोवळ्या बोंडांच्या देठाजवळ, पाकळीआड अंडी घालते. चार-पाच दिवसांत अंडे फुटते. बाहेर पडलेली अळी काही तासांतच बोंडात शिरते आणि तिने पाडलेले बारीक छिद्र मागोमाग बुजून जाते. आत ती साधारण दोन आठवडे सरकी खात राहते, मग कोषात जाते, आणि आठवडाभराने पतंग बाहेर येतो. उबदार हवेत हे सारे चक्र महिन्याभरात पुरे होते. म्हणजे फवारणीच्या तावडीत ती सापडते ती अंड्याचे चार दिवस, नंतरचे काही तास आणि पतंगाच्या थोड्या रात्री. बाकी सारा काळ ती बोंडाच्या भिंतीआड सुरक्षित असते. आपण फवारतो ते बहुतेक वेळा बंद दारावर.

या चक्राची गती हवामान ठरवते. ऊब वाढली की पिढ्या भराभर निघतात, थंडीत त्या रेंगाळतात. फार कोरडा, कडक उन्हाळा पतंगांना मानवत नाही. पावसाळा सरल्यानंतरची सौम्य हवा मात्र तिच्या पथ्यावर पडते, म्हणूनच दिवाळीच्या सुमारास प्रादुर्भाव एकदम डोळ्यांत भरतो. पुढे दिवस लहान झाले, रात्री गारठल्या की शेवटच्या पिढीतील अळ्या कोषात न जाता सरकीतच झोपी जातात. ही सुप्तावस्था कित्येक महिने टिकते. पुन्हा ऊब आणि ओल मिळाली की त्या जाग्या होतात. तोवर त्यांचा मुक्काम शेतातल्या किडक्या बोंडांत, घराशेजारी सरपणासाठी रचलेल्या पऱ्हाटीत आणि जिनिंगच्या आवारातील कापसात असतो.

पूर्वी या झोपेवर निसर्गाचाच एक उतारा होता. मे-जूनमध्ये बाहेर पडलेल्या पतंगांना शिवारात कपाशीचे पातेच मिळत नसे. कोरडवाहू कपाशी पावसावर जूनच्या उत्तरार्धात पेरली जाई आणि तिला पाती लागायला ऑगस्ट उजाडे. ही अळी जगते ती मुख्यतः कपाशीवर. त्यामुळे लवकर आलेले पतंग वंश न वाढवताच मरून जात.

आपण ही फट दोन्ही बाजूंनी बुजवली. खान्देशात आखाजी झाली की ठिबकच्या नळ्या अंथरून बागायती कपाशी लावली जाते. पहिल्या पतंगांसाठी जणू पानच वाढून ठेवलेले. दुसऱ्या टोकाला फरदड. डिसेंबरात पीक काढण्याऐवजी पाणी देऊन ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत राखायचे. जिथे लांबलचक उपवास घडायचा, तिथे अळीला आता थोडाच काळ तग धरावा लागतो.

ही अळी काही परकी नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नर्मदा जिथे समुद्राला मिळते, त्या भडोचच्या कपाशीतील नमुन्यांवरून १८४३ साली सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. पुढे सरकीबरोबर प्रवास करत १९१७ साली ती अमेरिकेतील टेक्सासपर्यंत पोहोचली.

मधल्या काळात तिचा आपल्याला विसर पडला होता. १९९०च्या दशकात शेतकऱ्याची झोप उडवली होती ती हिरव्या, म्हणजे अमेरिकन बोंडअळीने. सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधे तिने पचवली होती. २००२ साली बीटी कपाशी आली, २००६ साली दोन जनुकांची आली, आणि काही वर्षे फवारणीचा पंप खरोखरच खुंटीला लागला. त्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या, नॉन-बीटी बियाण्याची पुडी मिळे. ती बांधाकडेने लावायची, म्हणजे विषाशी गाठ न पडलेले पतंग शिल्लक राहतील आणि प्रतिकारक पतंगांशी त्यांचा संकर होत राहील, असा हेतू होता. पण 'किडीसाठी का पेरायचे?' म्हणून बहुतेकांनी ती पुडी फेकून दिली. २०१० साली गुजरातेत गुलाबी अळी पहिल्या बीटीला दाद देत नसल्याचे जाहीर झाले, २०१५च्या सुमारास दुसऱ्यालाही, आणि २०१७ साली महाराष्ट्रभर बोंडे सडली.

मग पुन्हा पंप खांद्यावर आला. त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अळी बोंडात सुखरूप होती आणि माणूस फवाऱ्यात उभा होता. औषध सरसकट निरुपयोगी आहे, असे मुळीच नाही. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस आठ-आठ पतंग सापडले, किंवा दहा टक्के फुले-बोंडे किडली, तरच फवारा, असे शास्त्र सांगते. त्याआधी घाईने मारलेल्या जहाल औषधाने अंडी खाणारे, अळ्यांवर जगणारे मित्रकीटक मरतात, पांढरी माशी माजते, आणि अळ्यांतल्या ज्या औषध पचवतात त्याच मागे उरतात.

अमेरिकेने २०१८ साली ही कीड आपल्या कापूसपट्ट्यातून हद्दपार झाल्याचे जाहीर केले. बीटी कपाशी, वंध्य केलेले पतंग विमानातून सोडणे, गंधाने नर-मादीची चुकामूक करणे, हंगाम संपताच पीक नांगरून टाकणे, असे सारे उपाय त्यांनी एकदम योजले आणि साऱ्या शेतकऱ्यांनी मिळून पाळले. विमाने आपल्याला परवडणार नाहीत. पण शेवटच्या उपायाला काय लागते? एक ठरलेली तारीख आणि ती पाळणारे गाव.

खरी अडचण इथेच आहे. त्या शेतकऱ्याला मी विचारले, "डिसेंबरातच का नाही काढली?" तो म्हणाला, "अजून दोन वेचण्या निघतील. पोराची फी भरायची आहे. आणि मी काढली तरी शेजारी ठेवणारच की." त्याचे काय चुकले? त्याच्या घरापुरता त्याचा हिशेब बरोबरच आहे. परंतु त्या दोन वेचण्यांची किंमत पुढच्या हंगामात सारे शिवार भरते. ज्याने फरदड कधी घेतलीच नाही, ज्याच्या विहिरीला पाणीच नाही, असा पायथ्याचा कोरडवाहू आदिवासी शेतकरीही ती भरतो. पतंगाला बांध कळत नाही, राज्याची सीमाही कळत नाही. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत आहे. तिथल्या दिव्याभोवती फिरणाऱ्या पतंगाचे राज्य कोणते सांगणार?

२०१७ नंतर कृषी खात्याने हंगामापूर्वीच्या बियाणे विक्रीवर बंधने घातली, ते योग्यच झाले. पण नुसत्या परिपत्रकाने फरदड थांबत नाही. ग्रामसभेने वर्षअखेरीची तारीख ठरवावी, पऱ्हाटी बारीक करण्याचे यंत्र गावात वेळेवर यावे, जिनिंगमध्ये सापळे लागावेत, आणि शेवटची वेचणी सोडणाऱ्याला हरभरा-गव्हासाठी हात मिळावा. त्याग एकाने करायचा आणि लाभ सगळ्यांनी घ्यायचा, हा व्यवहार फार काळ चालत नाही.

निघताना त्याने ते फोडलेले बोंड बांधावर टाकले. मी ते उचलून चुलीत टाकायला सांगितले. तो हसला आणि समोरच्या शेताकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि ती सगळी?"