क्लच लवकर सुटला, एवढंच

‘मी सर्वोत्तम आहे, मला सगळं जमतं’ असं रोज सकाळी आरशासमोर म्हणा, हा सल्ला मी माझ्याकडे गाडी शिकायला येणाऱ्या बायकांना देत नाही. सध्या तो सगळीकडे मिळतो. सकाळच्या मोबाइल संदेशांत, शाळांच्या भिंतींवर, कंपन्यांच्या शिबिरांत. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण साताऱ्यासारख्या चढउतारांच्या गावात चारचाकी शिकवताना मी वारंवार पाहिलंय, की जिला स्वतःची खात्री नाही तिच्या तोंडी असलं मोठं वाक्य घातलं, तर ती आणखीच आक्रसते. स्वतःशी बोलायला हवंच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते बोलणं खरं हवं, छोटं हवं आणि हातातल्या कामाचं हवं.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी चाळिशीच्या आसपासच्या. कुणी शिक्षिका, कुणाचं दुकान, कुणाला सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं असतं आणि दर वेळी रिक्षा शोधायचा कंटाळा आलेला असतो. ड्रायव्हिंग सीटवर बसायच्या आधीच सांगतात, ‘ताई, माझ्या डोक्यात लवकर शिरत नाही हं.’ ‘मी मुळातच भित्री.’ ‘आता या वयात काय जमणार?’ यातली एकेक बाई घर, नोकरी, आजारपणं, मुलांच्या दहावी-बारावी असं सगळं एकहाती सांभाळणारी असते. मग ‘डोक्यात शिरत नाही’ हे आलं कुठून? थोडं बोलत राहिलं की कळतं. सुरुवातीला ते वाक्य कुणी तरी दुसऱ्यानं म्हटलेलं असतं. ‘तुझ्याच्यानं नाही व्हायचं, तू राहू दे,’ असं भाऊ म्हणाला, मग नवरा म्हणाला, आता कॉलेजातला मुलगा म्हणतो. बऱ्याचदा ते काळजीपोटीच असतं. ऐकून ऐकून त्यातल्या ‘तुझ्या’चं ‘माझ्या’ होतं आणि पुढे घरातल्या कुणाला ते म्हणावंही लागत नाही. लेव्ह वायगॉट्स्की या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञानं मुलांच्या बाबतीत हेच मांडलं होतं. मूल आधी मोठ्यांचं बोलणं ऐकतं, मग खेळताना तसंच मोठ्यानं स्वतःशी बोलतं आणि हळूहळू ते बोलणं आत जाऊन विचार होतं. माणसाच्या मनात जो आवाज बोलतो त्यात असे किती तरी बाहेरचे आवाज असतात. जे बाहेरून आत आलं ते बदलता येतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

हे बदलणं मला सगळ्यात स्पष्ट दिसतं ते चढावर. समर्थ मंदिराकडून यवतेश्वराच्या घाटाला लागलं, की मी एका ठिकाणी गाडी थांबवायला लावते. आता इथून ती मागे न जाऊ देता पुढे काढायची. नव्या माणसाची इथे खरी परीक्षा असते. समोर चढ, आरशात मागून आलेली जीप, तिचा हॉर्न, आणि तळव्यांना सुटलेला घाम. माझ्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतात, त्यामुळे गाडी कुठे जाणार नसते. हे तिलाही माहीत असतं, तरी पाय थरथरतात.

अशा वेळी ‘मी आत्मविश्वासानं भरलेली आहे’ हे वाक्य काहीच कामाचं नाही, कारण त्यात पायानं काय करायचं ते सांगितलेलंच नाही. मी वेगळं बोलायला लावते, तेही मोठ्यानं. ‘हँडब्रेक वर आहे. पहिला गिअर. क्लच हळू वर. गाडी थरथरली, पाय तिथंच. थोडी रेस. आता हँडब्रेक खाली.’ पहिल्यांदा लाजतात. मग आवाज निघतो, आणि आवाज निघाला की श्वास सुटतो, खांदे खाली येतात. तोंड पुढच्या कामाचं बोलत असलं, की भीतीच्या बडबडीला जागा उरत नाही. खेळाडूंच्या बाबतीत यावर बरंच संशोधन झालंय. ग्रीसमधल्या संशोधकांनी 2011 मध्ये अशा 32 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. स्वतःशी बोलण्याचा फायदा होतोच, आणि हातापायांच्या नाजूक, अचूक हालचालींसाठी नुसत्या ‘चल, जमेल’पेक्षा कृती सांगणारी वाक्यं जास्त उपयोगी पडतात, असं त्यांना आढळलं. हाफ क्लच ही तशीच नाजूक गोष्ट.

गाडी बंद पडतेच. सगळ्यांची पडते. त्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांत बाई स्वतःला काय म्हणते, याकडे माझे कान असतात. ‘बघा, मी असलीच वेंधळी!’ असं आलं, की मी तिथंच थांबवते. ‘वहिनी, काय झालं तेवढंच सांगा.’ पुष्कळदा पुन्हा तेच येतं, की मला जमतच नाही. ‘ते नको. गाडीचं सांगा.’ मग उत्तर मिळतं, ‘क्लच लवकर सुटला.’ बस, एवढंच तर झालं होतं! ‘मी वेंधळी’ या वाक्यावर उपाय नाही. ‘क्लच लवकर सुटला’ यावर आहे, पुढच्या वेळी तो हळू सोडायचा. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आयुष्यभर हेच शिकवलं, की कृतीचं मोजमाप करा, अख्ख्या माणसाचं करू नका. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी मी माझ्या शिकाऊ मैत्रिणींना आवर्जून वाचायला देते.

मोठ्या वाक्यांचं उलटं होतं, हा केवळ माझा अंदाज नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोअॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2009 मधला एक प्रयोग आहे. माणसांना चार मिनिटं मनातले विचार लिहायला सांगितले. त्यातल्या काहींनी घंटा वाजली की ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं वाक्य मनात म्हणायचं होतं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीपासून चांगलं होतं त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं त्यांना मात्र ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षाही वाईट वाटलं. म्हणजे ज्यांना आधाराची खरी गरज, त्यांनाच त्या वाक्यानं खाली ढकललं. याचं मला आश्चर्य वाटत नाही. न पटणारं काही म्हटलं, की मन लगेच त्याच्या विरुद्ध पुरावे काढू लागतं, आणि असे पुरावे तर वर्षानुवर्षं साठवलेले असतात. ‘काल चार वेळा बंद पडली, आज दोनदा’ या वाक्याशी मात्र मनाला भांडता येत नाही. ते खरं असतं.

आणखी एक गोष्ट मी सांगते. स्वतःला ‘मी’ म्हणू नका, नावानं हाक मारा. मिशिगन विद्यापीठाच्या ईथन क्रॉस यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणाआधी स्वतःशी नावानं किंवा ‘तू’ म्हणून बोलणाऱ्यांवर ताण कमी आला, त्यांचं भाषणही अधिक चांगलं झालं आणि नंतर ते स्वतःला कमी कोसत बसले. आपल्याकडच्या माणसाला हे नवं वाटू नये. साताऱ्यातल्या बोगद्यातून बाहेर पडणारा रस्ता सज्जनगडाकडे जातो. तिथे ज्यांची समाधी आहे त्या समर्थ रामदासांनी 205 मनाचे श्लोक रचले, ते मनालाच समोर बसवून. तुकोबांनी मनाशी संवाद केला, बहिणाबाईंनी मनावर कविता केली. त्यांनी मनाला समजावलं, टोकलं, त्याचा खोडकरपणा ओळखला. मन म्हणजे मी नव्हे, मी त्याच्याशी बोलू शकते, हे आपल्या घराघरांत पाठ आहे. माझ्याकडे येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका नाव घ्यायला संकोचायच्या. त्यांना मी विचारलं, ‘बाई, वर्गात घाबरलेल्या मुलीला तुम्ही काय म्हणायचात?’ त्या म्हणाल्या, ‘घाई नको गं बाळ, एकेक पायरी लिही.’ पुढे घाटात गाडी थांबली, की त्या स्वतःला अगदी त्याच सुरात म्हणायच्या, ‘घाई नको गं बाळ.’ आयुष्यभर शेकडो मुलांना दिलेला मायेचा शब्द स्वतःला द्यायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी. त्या आता नातवंडांना घेऊन घाटावरच्या कास पठारावर जातात.

तरीही बोलण्याला मर्यादा आहे, आणि तीही सांगितली पाहिजे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी 1977 मध्ये ‘आपल्याला हे जमेल’ या भावनेचे स्रोत मांडले. त्यात सगळ्यात भक्कम स्रोत म्हणजे प्रत्यक्ष करून दाखवलेलं काम. शब्दांचा धीर त्यामानानं दुबळा. शब्द माणसाला गाडीत बसवतील, पण विश्वास येतो तो गाडी चालवूनच. म्हणून आरटीओची परीक्षा पास होऊनही लायसन्स कपाटात ठेवणाऱ्या बायका पाहिल्या, की मला फार वाईट वाटतं. अशा प्रत्येकीला मी सांगते, की मोठा संकल्प नको. रोज सकाळी गाडी फक्त कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत न्यायची आणि परत आणायची. पण ‘नेईन’ म्हटलं तर न्यायचीच. स्वतःला दिलेला छोटा शब्द रोज पाळला गेला, की पुढच्या वेळी ‘मी पोवई नाक्याच्या गर्दीतून जाईन’ म्हटल्यावर आपलं मन आपल्यावर विश्वास ठेवतं. मोठे संकल्प मोडून मोडून आपण स्वतःपुढेच आपली पत घालवतो.

शाळांनाही माझं सांगणं आहे. प्रार्थनेनंतर चारशे मुलांकडून ‘मी हुशार आहे’ असं एका सुरात म्हणवून घेण्यापेक्षा, गणित चुकल्यावर ‘हातचा विसरला’ असं म्हणायला शिकवा. ‘मी मठ्ठ’ म्हणणाऱ्या मुलाला तिथंच थांबवा. एवढं एक जरी प्रत्येक वर्गात झालं, तरी पुढे चाळिशीत माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या तोंडची वाक्यं वेगळी असतील.

आणि घरच्यांनो, लायसन्स मिळाल्यावर पहिले काही आठवडे तिच्या शेजारी जरूर बसा. रस्ता बघा, सोबत करा. पण ‘अगं ब्रेक, अगं ब्रेक’ करू नका. ती स्वतःशी पुटपुटत असेल, तर हसू नका आणि तिला मध्येच तोडू नका. तुम्हाला काही सांगायचंच असेल, तर ते गाडी घरी लागल्यावर सांगा, आणि त्याआधी आज काय नीट झालं ते तिलाच विचारा.