गोकुळधामच्या गेटवर आपण : 'तारक मेहता'ची घसरण नेमकी कशामुळे?

यंदाच्या पावसाळ्यात आम्ही हिंगोलीतल्या काही कार्यकर्त्यांनी एक वेगळाच उद्योग केला. अभ्यासवर्ग संपला की मोबाईलवर 'तारक मेहता का उल्टा चश्मा'चे जुने भाग लावायचे आणि लगेच त्यानंतर अलीकडचे भाग पाहायचे. सुरुवात गमतीत झाली. आमच्यातल्या एकाने म्हटलं, "दया गेली अन् मालिका मेली." दुसरा म्हणाला, "तसं नाही, टप्पू मोठा झाला तिथंच संपली." वाद वाढला, म्हणून पुन्हा पाहायचं ठरलं. पाहता पाहता आम्ही ज्या निष्कर्षाला आलो तो या दोन्हींपेक्षा वेगळा आहे, आणि तो आंबेडकरी तरुणांच्या कामाचा आहे, म्हणून इथे मांडतो आहोत.

आधी एक कबुली. ही मालिका आपल्या वस्त्यांनी मनापासून पाहिली आहे. २८ जुलै २००८ ला सब टीव्हीवर ती सुरू झाली तेव्हा आमच्यातले काही जण शाळेत होते. रात्री साडेआठला वीज असली तर अख्खं घर टीव्हीसमोर. वसमतच्या हळदीच्या शेतातून थकून आलेली आईही जेठालालची फजिती पाहून पदर तोंडाला लावून हसायची. त्या हसण्याला आम्ही कमी लेखत नाही. दिवसभर राबलेल्या माणसाचा हसण्यावर हक्क आहे. तेव्हा हा लेख 'मालिका बघू नका' असं सांगायला लिहिलेला नाही.

जुने भाग आजही हसवतात. का हसवतात, हे नीट पाहिलं पाहिजे. जेठालाल हा देवमाणूस नाही. तो चिडका आहे, बापाला घाबरतो, खोटं बोलतो आणि पकडला जातो. भिडे मास्तर शिकवण्या घेऊन घर चालवतो, मेंटेनन्सचे पैसे मागत फिरतो, त्याची बायको लोणची-पापड करून विकते. महिन्याचा हिशेब जुळवणारं घर आहे ते. नट्टू काका दुकानात आयुष्यभर राबतो आणि पगारवाढीचा विषय काढला की शेठ विषय बदलतो. या सगळ्या विनोदांच्या बुडाशी खरी गोष्ट आहे : मजुरी, उधारी, बापाचा धाक, संसाराची ओढाताण. प्रेक्षकाला त्यात आपलं काहीतरी दिसतं, म्हणून तो हसतो.

आता अलीकडचे भाग घ्या. २०१७ मध्ये दिशा वकानी गेल्या, त्याच वर्षी पहिला टप्पू गेला. २०१८ मध्ये डॉ. हाथीची भूमिका करणारे कवी कुमार आझाद वारले, २०२१ मध्ये नट्टू काका म्हणजे घनश्याम नायक वारले, २०२२ मध्ये शैलेश लोढांनी मालिका सोडली. माणसं गेली हे खरं. पण नव्या कलाकारांना दोष देऊन काही हाती लागत नाही. त्यांना करायला काय दिलं आहे ते पाहा. दया येणार, येणार म्हणून प्रेक्षकांना झुलवायचं. पोपटलालचं लग्न ठरायचं आणि मोडायचं. एक साधा गैरसमज आठवडाभर ताणायचा, मग सगळे कंपाउंडमध्ये जमून एकमेकांची समजूत काढणार आणि शेवटी उपदेश. जेठालालचा खोटेपणा बोथट झाला, भिडेची चिकाटी नुसती किरकिर झाली. चार हजारांहून जास्त भाग झाले, पण सांगायला गोष्ट उरलेली नाही.

आमचं म्हणणं असं की ही घसरण कलाकार गेल्यामुळे झालेली नाही. तिचं कारण पहिल्या दिवसापासून मालिकेच्या रचनेत होतं. गोकुळधाम सोसायटीने स्वतःला 'मिनी इंडिया' म्हणवून घेतलं आणि त्याच वेळी भारतातला सगळ्यात मोठा संघर्ष गेटबाहेर ठेवला. ज्या समाजात जातीवरून घर, लग्न, नोकरी, मसणवटा ठरतो, त्या समाजावर विनोद करायचा आणि जातीचं नावही काढायचं नाही, असं ठरवलं की लेखकाच्या हातात मोजकाच माल उरतो. तो माल आठ-नऊ वर्षं पुरला. नंतर गैरसमज, स्वप्नं आणि सण यांच्यावरच दिवस काढावे लागले.

या 'मिनी इंडिया'त राहतं कोण ते बघा. गडा, मेहता, भिडे, अय्यर, सोढी, पांडे, हाथी. गुजराती आहे, मराठी आहे, तमिळ आहे, बंगाली आहे, पंजाबी आहे, पारशी सून आहे. भाषा आणि प्रांत भरपूर, पण मुख्य कुटुंबांत जात म्हणाल तर वरच्या पायऱ्यांवरचीच आडनावं. कांबळे नाही, खंदारे नाही, वाघमारे नाही, जाटवही नाही. मुंबई ज्या हातांनी बांधली, झाडली, चालवली, त्या हातांचं एकही घर या सोसायटीत नाही. आणि मुसलमान? अब्दुल आहे. सगळ्यांचा लाडका आहे, सगळ्यांच्या मदतीला धावतो. पण त्याचं सोडा शॉप गेटापाशी आहे, सोसायटीच्या बिऱ्हाडांत त्याचं बिऱ्हाड नाही. सोसायटीतले पुरुष रात्री बाहेर येऊन त्याच्याकडे सोडा पितात आणि आपापल्या घरी जातात.

काही मित्र म्हणतील, "अरे, विनोदी मालिका आहे, तिथंही जात कशाला आणता?" आम्ही जात आणत नाही, ती तिथे आधीपासूनच आहे. भिडे, अय्यर, पांडे ही आडनावं ऐकल्याबरोबर प्रेक्षकाला माणूस कुठला, कोणत्या घरचा, ते कळतं. त्यावर मालिकेचा अर्धा विनोद उभा आहे. काही जातींची आडनावं 'संस्कृती' म्हणून चालतात आणि आपलं आडनाव आलं की 'जातीवाद' होतो, हा दुटप्पीपणा नवा नाही.

आता हा प्रश्न टीव्हीतून बाहेर काढू. १९१७ साली बाबासाहेब परदेशात शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढलं. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस त्या शहरात दिवसभर निवारा शोधत फिरला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. आज हिंगोली, कळमनुरी, सेनगावची पोरं पुण्या-मुंबईत खोली शोधतात तेव्हा काठी कुणी दाखवत नाही. फोनवर पूर्ण नाव विचारतात, "व्हेज की नॉनव्हेज" विचारतात आणि "कालच दिली हो दुसऱ्याला" म्हणून फोन ठेवतात. आमच्यातल्या दोघांनी हे भोगलं आहे. एकाने तर तिसऱ्या वेळी फक्त पहिलं नाव सांगितलं आणि खोली मिळाली. बडोद्याला शंभराहून जास्त वर्षं झाली, आणि आपल्या पोराला आजही नाव लपवावं लागतं!

कायद्याची बाजूही पाहून ठेवा. संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते इथे भेदभावाला स्पष्ट बंदी आहे. राहत्या घराचं नाव त्या यादीत नाही. २००५ साली अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व फक्त पारशांपुरतं ठेवणारा उपविधी उचलून धरला. सहकाराच्या नावाखाली 'आपली माणसं' ठरवण्याची मुभा सोसायटीला मिळते ती अशी. म्हणजे अब्दुलच्या दुकानात सोडा पिण्यापासून कुणालाही अडवता येत नाही, पण गेटाच्या आत घर घेताना तेवढं स्पष्ट संरक्षण नाही. मालिकेच्या लेखकांनी हे कलम वाचून सोसायटी रचली नसणार. त्यांनी भोवतालचा समाज पाहून ती रचली, आणि नेमकी तिथेच ती खरी उतरली.

गोकुळधाममध्ये चांगुलपणा भरपूर आहे, हेही मान्य. पण नुसत्या चांगुलपणाचा अनुभव आपल्या जिल्ह्याला जुना आहे. नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं नर्सी आपल्याच जिल्ह्यात आहे. परंपरा सांगते की मंगळवेढ्याला गावकूस कोसळून चोखोबा गेले तेव्हा नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी दिली. नामदेवांच्या मनात खोट नव्हती. तरी चोखोबाला पायरी मिळाली, गाभारा मिळाला नाही. दार उघडायला काळारामसारखे सत्याग्रह करावे लागले, कायदे करावे लागले. प्रेम आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं चोखोबाच्या पायरीवरून आपण शिकलं पाहिजे.

"मग विनोदी मालिकेत असले विषय चालतील का?" चालतात. अमेरिकेत १९७१ साली 'ऑल इन द फॅमिली' ही विनोदी मालिका सुरू झाली. तिचा नायक आर्ची बंकर वर्णद्वेषी, आणि शेजारी जेफरसन नावाचं काळं कुटुंब. आर्ची तोंड उघडायचा आणि स्वतःच्याच अज्ञानात फसायचा. लोक त्याच्यावर हसले, विचारात पडले. ते शेजारी इतके गाजले की १९७५ पासून त्यांची स्वतंत्र मालिका निघाली आणि दहा वर्षं चालली. उलट 'फ्रेंड्स'मध्ये न्यूयॉर्कसारख्या शहरातले सहाही मुख्य मित्र गोरे. तिच्या निर्मात्या मार्टा कॉफमन यांनी २०२२ मध्ये त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली आणि ब्रँडाइस विद्यापीठात आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासासाठी चाळीस लाख डॉलर देऊ केले. आपल्याकडच्या किती निर्मात्यांना अशी खंत वाटली?

आणि अमेरिकेपर्यंत तरी कशाला जायचं? भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनी लोकांना हसवत हसवतच देवाधर्माच्या नावावरची लूट उघडी पाडली होती. अलीकडे, २०१२ मध्ये, आपल्याच मराठवाड्यातल्या जालन्याच्या राजकुमार तांगडे यांनी लिहिलेलं, संभाजी भगत यांची संकल्पना आणि संगीत असलेलं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक आलं. शेतात राबणारी पोरं रंगमंचावर आली आणि मराठी प्रेक्षक पोट धरून हसला. भीमनगरचं नाव नाटकाच्या शीर्षकात होतं, तरी कुणाचं हसू अडलं नाही.

टीव्हीवर आपण अगदीच नाही असं नाही. २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर बाबासाहेबांच्या जीवनावर मालिका आली, घराघरांत पाहिली गेली. पण त्यातून दुसरी अडचण दिसते. पडद्यावर आपण येतो ते एकतर महामानवाच्या रूपात, नाहीतर अत्याचाराच्या बातमीतलं प्रेत म्हणून. मधला माणूस कुठे आहे? उधारी चुकवणारा, बायकोला घाबरणारा, चौदा एप्रिलच्या वर्गणीवरून मित्राशी भांडणारा, शेजाऱ्याच्या घरी साखर मागायला जाणारा कांबळे कुठे आहे? ज्याच्यावर लोक द्वेषाशिवाय हसू शकतात तो शेजारी झालेला असतो. आपल्याला अजून शेजारी होऊ दिलेलं नाही.

म्हणून तरुण मित्रांनो, बहिष्काराची भाषा इथे कामाची नाही. मालिका बघा, हसा, पण गेटावर कोण उभं आहे तेही बघा. आपल्या जयंतीच्या कार्यक्रमात भाषणांच्या जोडीला एक तासाचं प्रहसन बसवा. खोली शोधणाऱ्या पोराची गोष्ट घ्या, त्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे. प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, हिंगोलीची बोली तोंडात आहे. लेखकही आपणच तयार केले पाहिजेत. आणि पुण्या-मुंबईत सोसायटीत घर घेतलेल्या आपल्या माणसांनी कमिटीची निवडणूक लढवावी. तिथल्या भिडे मास्तरांच्या खुर्चीवर कधीतरी एखादी वाघमारे बाई बसल्या, तर त्या सोसायटीत सांगण्यासारख्या गोष्टींना तोटा पडणार नाही.

जय भीम!