तीन क्विंटल कापूस विकला की म्हातारी अपात्र



मागच्या बैठकीत सत्तरीची एक आजी आमच्याकडे उत्पन्नाचा दाखला घेऊन आली. दाखल्यावर २४,००० रुपये. तेवढ्यावरून तिचा श्रावणबाळ योजनेचा अर्ज परत आला होता. "पोरगा धान लावते, त्यातला माह्या हाती का येते?" आम्ही शेतीची पदवी घेतलेली माणसे, पण उत्तर देता आले नाही.

संजय गांधी निराधार योजना १९८० सालची. तिथे आणि श्रावणबाळमध्ये अट अशी की साऱ्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २१,००० च्या आत हवे. पुढे दिव्यांगांसाठी मर्यादा ५०,००० झाली. म्हाताऱ्यांची होती तिथेच राहिली. अनुदान मात्र २०१९ साली ६०० चे १,००० झाले, २०२३ साली १,५००.

आता २०२५-२६ च्या हमीभावाने हिशेब करा. आमच्या गोंदियात नऊ क्विंटल धान, तुमच्याकडे तीन क्विंटल कापूस किंवा सहा क्विंटल ज्वारी विकली की मर्यादा ओलांडली. हमीभाव मिळाला तर, हे आलेच! पीक हाती आले म्हणजे उत्पन्न नव्हे. बियाणे, खत, फवारणी, वेचाई वजा जाता उरते ते उत्पन्न, आणि कोरडवाहूत ते पुष्कळदा उणे असते. पण दाखला लिहिणाऱ्यापुढे सातबारा असतो, खर्चाची वही नसते. रोजगार हमीची त्या वर्षीची मजुरी ३१२ रुपये. सून ६८ दिवस कामावर गेली की सासू अपात्र. कायद्याने हमी दिली होती १०० दिवसांची.

मग कोणाचे तरी पाय धरून दाखल्यावर वीस हजार लिहून घ्यायचे. खरे सांगणारा बाहेर, ही कसली पात्रता?

आणखी एक गंमत पाहा. २०२४ च्या लाडकी बहीण योजनेत तेच १,५०० रुपये, पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. बाई ६५ ची झाली की ती योजना संपते आणि श्रावणबाळचे दार येते, तिथे मर्यादा २१,०००. वय वाढले म्हणून ती श्रीमंत झाली काय?

मर्यादा अडीच लाखांवर न्यावी आणि दाखल्यात शेतीचा खर्च वजा धरावा, अशी आमची मागणी आहे. जिल्हा बैठकीला येताना नामंजुरीचा कागद आणि खर्चाची वही सोबत आणा. तोंडी नाही म्हटले असेल, तर आधी अर्ज करून लेखी मागा.