छतावरचा अँटेना गेला, आता टीव्ही हवेतून थेट मोबाईलवर?

मॅचची शेवटची ओव्हर सुरू आहे. तुमच्या मोबाईलवर बॉलर अजून रनअप घेतोय आणि शेजारच्या घरातून 'आउट!' असा ओरडा ऐकू येतो. शेजाऱ्यांकडे डिश आहे, तुमच्याकडे इंटरनेट. पुढचा बॉल बघण्यातली मजाच संपली.

हा उशीर का होतो? आणि ज्या छतावरच्या अँटेनाला आपण कधीच भंगारात काढलं, त्याचा याच्याशी काय संबंध?

अँटेनावर टीव्ही कसा यायचा?

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. वरळी, सिंहगड अशा ठिकाणच्या टॉवरवरून कार्यक्रम हवेत सोडले जायचे आणि घराघरांतले अँटेना ते पकडायचे. एक जण छतावर अँटेना फिरवतोय आणि दुसरा टीव्हीसमोरून 'आलं, आलं... गेलं!' असं ओरडतोय, हे चित्र अनेकांना आठवत असेल. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या.

जमिनीवरच्या टॉवरवरून होणाऱ्या या प्रक्षेपणाला 'टेरेस्ट्रियल' म्हणतात. त्याची खरी ताकद अशी की, टॉवर सिग्नल एकदाच सोडतो. तो एकाने पाहिला काय आणि एक कोटी लोकांनी पाहिला काय, टॉवरवर जास्तीचा ताण येत नाही.

इंटरनेटचं उलटं आहे. तिथे प्रत्येक प्रेक्षकापर्यंत व्हिडिओ वेगळा पोहोचवावा लागतो. १९ नोव्हेंबर २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलला हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. एवढा भार पेलायला प्रचंड यंत्रणा लागते. शिवाय मोबाईल व्हिडिओचे छोटे तुकडे आधी साठवतो आणि मग दाखवतो. तुमची विकेट उशिरा पडते ती यामुळे.

मग मुंग्यांचं काय?

मुंग्या हा जुन्या ॲनालॉग तंत्राचा दोष होता, हवेतून येणाऱ्या टीव्हीचा नव्हे. डिजिटल प्रक्षेपणात सिग्नल पुरेसा असेल तर चित्र एकदम स्वच्छ दिसतं. अगदीच कमी पडला तर चित्राचे चौकोन पडतात किंवा ते अडकतं. ज्या जागेत पूर्वी एक ॲनालॉग वाहिनी मावायची, तिथे डिजिटलमध्ये अनेक वाहिन्या मावतात.

दूरदर्शनने २०१६ मध्ये 'डीव्हीबी-टी२' या डिजिटल तंत्राने मुंबई, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) यांसह १६ शहरांत प्रक्षेपण सुरू केलं. तुम्हाला ते माहीत होतं का? बहुतेकांना नव्हतं.

भारतात हे का चाललं नाही?

पहिलं कारण म्हणजे वाहिन्या. भारतात टेरेस्ट्रियल प्रक्षेपण फक्त दूरदर्शन करतं. खासगी वाहिन्यांनाही परवानगी द्यावी, अशी शिफारस 'ट्राय'ने जानेवारी २०१७ मध्ये केली होती, पण चित्र बदललं नाही. मोजक्या सरकारी वाहिन्यांसाठी नवा अँटेना कोण घेणार?

दुसरं कारण म्हणजे पर्याय. तोवर केबल आणि डीटीएच घरोघरी पोहोचले होते. २००४ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या मोफत डिशवर दरमहा पैसेही भरावे लागत नाहीत. अखेर मार्च २०२२ पर्यंत मोक्याच्या ठिकाणचे सुमारे ५० ट्रान्समीटर वगळून बाकी सगळे ॲनालॉग ट्रान्समीटर बंद करण्याचा निर्णय प्रसार भारतीने घेतला.

बाहेरच्या देशांत काय झालं?

स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक वाहिनीने जून २०१९ मध्ये हे प्रक्षेपण थांबवलं, कारण अँटेना वापरणारी घरं अगदी थोडी उरली होती. ब्रिटनमध्ये मात्र बीबीसी आणि खासगी वाहिन्या एकत्र दाखवणारी 'फ्रीव्ह्यू' ही मोफत सेवा टिकून आहे. म्हणजे अँटेना जुना झाला म्हणून गेला असं सरसकट म्हणता येत नाही. त्यावर बघण्यासारखं काही होतं का, हाही प्रश्न आहे.

'डी२एम' म्हणजे काय?

'डायरेक्ट टू मोबाईल' म्हणजे सिम किंवा डेटा न वापरता टॉवरवरून थेट फोनवर टीव्ही. यावर आयआयटी कानपूर आणि सांख्य लॅब्स यांनी काम केलं आहे. १९ शहरांत चाचण्या घेणार असल्याचं माहिती व प्रसारण खात्याच्या तेव्हाच्या सचिवांनी जानेवारी २०२४ मध्ये सांगितलं होतं.

अडचण अशी की यासाठी फोनमध्ये वेगळी चिप लागते. त्यामुळे फोन महाग होतील, असं मोबाईल बनवणाऱ्या कंपन्यांचं म्हणणं आहे. टेलिकॉम कंपन्यांचाही विरोध आहे. व्हिडिओ हा त्यांच्या डेटाचा मोठा भाग, तो हवेतून मिळाला तर डेटा कोण विकत घेणार?

याचा तुमच्याशी काय संबंध?

जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा वीज गेली आणि मोबाईल नेटवर्कही कोलमडलं. मुसळधार पावसात डिशचा सिग्नलही जातो. अशा वेळी लांबच्या उंच टॉवरवरून चार्ज असलेल्या फोनवर सूचना मिळाली, तर ती जीव वाचवू शकते.

पण 'डेटाशिवाय' म्हणजे 'फुकट' असं समजू नका. अमेरिकेत 'एटीएससी ३.०' या नव्या पिढीच्या प्रक्षेपणात काही केंद्रांनी सिग्नलला डिजिटल कुलूप लावलं आहे. त्यामुळे सिग्नल हवेत असूनही काही उपकरणांवर तो बघता येत नाही आणि प्रेक्षक नाराज आहेत.

म्हणून 'डी२एम'ची पुढची बातमी वाचाल तेव्हा चित्र किती स्पष्ट असेल एवढंच बघू नका. त्यावर कोणत्या वाहिन्या असतील, त्यांना कुलूप असेल का आणि आपत्तीच्या सूचना प्रत्येक फोनवर मोफत मिळतील का, हेही विचारा. या प्रश्नांची उत्तरं आधी मिळाली नाहीत, तर छतावरच्या अँटेनाचं जे झालं तेच फोनमधल्या चिपचंही होईल.