ओढीचा बाजार आणि ध्यानाची मात्रा

जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आणली. तीत ‘अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार’ असे एक नवे नाव दाखल झाले. लैंगिक ऊर्मी आवरण्यात सहा महिने वा त्याहून अधिक काळ सतत अपयश येणे आणि त्यापायी प्रकृती, कामधंदा व संसार यांची हेळसांड होणे, ही त्याची लक्षणे. अश्लील चित्रफिती पाहण्याची न आवरणारी सवय हे त्याचे एक ठळक रूप होय. याच व्याख्येत एक इशाराही आहे. केवळ स्वतःच्या नैतिक समजुतींमुळे मनाला लागणारी बोचणी हा या विकाराचा पुरावा मानता येत नाही.

हा इशारा मराठी समाजाने विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि लैंगिक विषयावर शास्त्रीय भाषेत लिहिण्याबद्दल त्यांना अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड द्यावे लागले. त्यानंतर ऐंशी वर्षांनी, २००७ साली, किशोरवयीनांसाठी आखलेल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी शाळांची दारे बंद केली. जे शिक्षकाने सांगायचे ते सांगितले गेले नाही. आणि सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलच्या डेटाचे दर कोसळले, तेव्हा ती पोकळी बाजाराने भरून काढली. त्यापूर्वी एका जीबीसाठी दोनशेहून अधिक रुपये मोजावे लागत. तीच वस्तू काही रुपयांत मिळू लागली. ज्या मुलाला शरीराविषयी कोणी दोन वाक्ये नीट सांगितली नव्हती, त्याच्या हाती अहोरात्र चालणारे चित्रपटगृह आले.

यावर सरकारला सुचलेला उपाय बंदीचा. ३१ जुलै २०१५ रोजी ८५७ संकेतस्थळे रोखण्याचा आदेश निघाला आणि काही दिवसांतच तो सैल करावा लागला. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर ८२७ संकेतस्थळांवर पुन्हा बंदी आली. एक दार लावले की त्याच मालाची दहा दारे उघडतात, हा दारूबंदीचा अनुभव येथेही आला. पुरवठा अडवून मागणी मरत नाही. शिवाय ही मागणी उपजत गरजेपुरती मर्यादित नाही. गरजा भागवण्यासाठी उत्पादन होते, हा क्रम उलटून उत्पादकच गरजा निर्माण करतात, असे प्रतिपादन गॅलब्रेथ यांनी १९५८ साली केले होते. एक चित्रफीत संपण्याआधीच पुढची सुचवणाऱ्या यंत्रणेइतके त्याचे उघडेवाघडे उदाहरण शोधून सापडणार नाही. ग्राहकाचे लक्ष हाच येथे विकला जाणारा माल आहे.

ध्यानाचा प्रश्न येथे उपस्थित होतो. ध्यान म्हटले की पुरोगामी वर्तुळात भुवया उंचावतात. अन्यायाकडे डोळे मिटून बसण्याचा तो संभावित मार्ग आहे, अशी शंका घेतली जाते आणि ती सर्वस्वी निराधार नाही. परंतु ज्या वस्तूचा व्यापार मनुष्याच्या लक्षावर चालतो, तिच्याशी झगडताना लक्ष पुन्हा स्वतःच्या ताब्यात घेण्याची कला त्याज्य मानणे हा करंटेपणा ठरेल.

या कलेचा अलीकडचा प्रवास उद्बोधक आहे. सत्यनारायण गोयंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीचे केंद्र उभे राहिले. त्यांच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराची पद्धत पुढे अमेरिकेतील सिॲटल येथील एका सुधारगृहात पोहोचली. वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट आणि त्यांचे सहकारी यांनी त्या कैद्यांचा अभ्यास केला. शिबिर केलेल्यांचे सुटकेनंतरचे मद्य व अमली पदार्थांचे सेवन इतरांपेक्षा कमी आढळले. २००६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातून आठ आठवड्यांचा, धर्मनिरपेक्ष स्वरूपाचा, सजगतेवर आधारलेला उपचारक्रम आकाराला आला. २०२० साली पोलंडमधील संशोधकांनी तोच क्रम अनिवार लैंगिक वर्तनाने त्रस्त अशा १३ पुरुषांवर योजून पाहिला. अश्लील चित्रफितींत जाणारा त्यांचा वेळ घटला आणि मनाची अस्वस्थताही कमी झाली. हा प्रयोग लहान होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तेव्हा ध्यान रामबाण आहे असे त्यावरून म्हणता येत नाही; विचारात घेण्याजोगे आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

त्याचे कार्य चालते कसे? या सवयीचे चक्र ठरलेले असते. एकटेपणा, कंटाळा वा अपमान यांपैकी काहीतरी सलते, ऊर्मी उठते, हात फोनकडे जातो, क्षणभर सुटका वाटते, मागोमाग लाज येते, आणि ती लाजच पुढच्या ऊर्मीचे सरपण होते. या चक्रातील ऊर्मी आणि कृती यांच्यामधली फट रुंद करणे, एवढेच ध्यान करते. ऊर्मी उठताच तिच्याशी कुस्ती खेळायची नाही आणि तिच्यापुढे मानही तुकवायची नाही. छातीत धडधड आहे, पोटात ओढ आहे, श्वास उथळ झाला आहे, हे फक्त पाहत राहायचे. किनाऱ्यावर वाढलेला पोहणारा लाटेला छातीने अडवत नाही. तिच्याबरोबर वर जातो आणि तिच्याबरोबरच खाली येतो. ऊर्मीही चढते, टिकते आणि ओसरते. ती ओसरते हे एकदा अनुभवाने कळले की तिचा धाक निम्मा होतो. एखादे दिवशी पाय घसरला, तरी ती घसरण पातक नव्हे, चक्राचे आणखी एक निरीक्षण ठरते.

ब्रह्मचर्याच्या शपथा आणि ध्यान यांतला फरक नेमका येथे आहे. शपथ मोडली की मनुष्य स्वतःच्या नजरेतून उतरतो. ध्यानात मोडण्यासारखे काही नसते; भरकटलेले लक्ष परत आणणे हाच त्यातला व्यायाम. म्हणून ध्यानाच्या नावाखाली कोणी वीर्यनाशाची भीती विकू लागला, तर तो औषधात विष कालवतो आहे असे समजावे. तीव्र मनोविकार असलेल्यांना दीर्घ मौनशिबिर अपायकारक ठरू शकते, तेव्हा तेथे वैद्यकीय सल्ला आधी हवा.

तरीही प्रश्नाची दुसरी बाजू उरतेच. इगतपुरीच्या शिबिराला शुल्क नाही. पण रोजंदारीवरच्या मजुराला दहा दिवसांची मजुरी कोण देणार? दहा बाय दहाच्या खोलीत सहा जणांबरोबर राहणाऱ्या कामगाराने पंधरा मिनिटांची शांतता कोठून आणावी? रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला उत्तररात्री फोनखेरीज सोबत कोणाची? आता ध्यानही ॲपच्या रूपाने, मासिक वर्गणी आकारून विकले जाते. ज्या पडद्याने मन विस्कटले, त्याच पडद्यावर ते सावरण्याचे दुकान थाटले गेले आहे. रोग आणि औषध दोन्ही विकणाऱ्याला ग्राहक पूर्ण बरा होण्यात स्वारस्य नसते.

म्हणून ध्यानाची सोय सार्वजनिक असली पाहिजे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरावर उपचार करणारा विभाग २०१४ पासून आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणालाही विनामूल्य फिरवता येतो. जिल्हा रुग्णालयांतून असा आठ आठवड्यांचा क्रम चालवणे, वसतिगृहांत व सार्वजनिक वाचनालयांत रोज एक निवांत तास आणि एक निवांत खोली राखून ठेवणे, शाळेत शरीराविषयी सरळ भाषेत शिकवणे, ही कामे अफाट खर्चाची नाहीत. त्यांना हवी आहे ती लाज बाजूला ठेवण्याची तयारी.

ऊर्मीची लाट ज्याची त्यालाच पार करावी लागते, हे खरे. परंतु पोहायला शिकवणे आणि किनाऱ्यावर माणूस उभा ठेवणे हे समाजाचे काम आहे. ते काम टाळून बुडणाऱ्याला नीतीचे धडे देणारा समाज स्वतःच्या नीतीविषयी फारसे काही सिद्ध करीत नाही.